दुडकी

जॉगिंगच्या पहिल्या दिवशी मी ४२ सेकंद धावले. मोबाइलमधल्या अ‍ॅपने ६० सेकंद सांगितले होते. वय ३४, वजन ९४ किलो, उंची पाच फूट दोन इंच. बाकीचं तुम्ही ओळखलं असेलच.

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर भल्या पहाटेपासून वर्दळ असते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली, कानटोपी घातलेले आजोबा, फोनवर मोठ्याने आरती लावून चालणाऱ्या काकू. कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून मी मुद्दाम अंधारात गेले होते. नवऱ्याचा ढगळ टी-शर्ट घातला होता. ४२ सेकंदांनंतर एका झाडाला धरून उभी राहिले. छातीत धडधड, तोंडात लोखंडाची चव. भरतीवाल्या मुलींची रांग माझ्या बाजूने गेली, आणि माझा श्वास जागेवर यायच्या आत फेरी पूर्ण करून पुन्हा एकदा गेली.

बाकावर बसलेले एक आजोबा हे सगळं बघत होते. म्हणाले, "ताई, एवढं पळायचं नाही. दुडकीनं जायचं. धावता धावता बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला."

मी कसनुसं हसले आणि घरी आले. पण शब्द डोक्यात राहिला. दुडकी म्हणजे घोड्याची चाल. चालण्याहून जलद, पण भरधाव नाही. लहान मुलं दुडूदुडू धावतात त्यातलीच. गंमत म्हणजे इंग्रजीतला 'जॉग' हा शब्दही घोड्याच्या अशाच संथ चालीसाठी वापरतात. म्हणजे जॉगिंगला मराठी शब्द आधीपासून होता. आपण तो फक्त माणसांसाठी वापरत नव्हतो.

का वापरत नव्हतो, हे शोधायला मी रात्री फोन घेऊन बसले. तोवर माझी पक्की समजूत होती की जॉगिंग हे बारीक लोकांचं काम आहे. आधी बारीक व्हायचं, मग लाज न वाटता ट्रॅकवर जायचं. वाचत गेले तसं वेगळंच दिसायला लागलं. जॉगिंग सुरू झालं तेच मुळी जाड, पन्नाशीच्या आसपासच्या, धाप लागणाऱ्या आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या लोकांसाठी.

*

धावणं जुनंच आहे. पेशवाईत पत्रं घेऊन जासूद मैलोन्‌मैल जायचे. पण ते पोटासाठी. शर्यतीसाठी धावणंही आपल्याकडे होतं. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत सर दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतली मुलं पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. त्यातून पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय पथक गेलं. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते १९वे आले.

आरोग्यासाठी व्यायाम म्हटला, तर आपल्याकडे तालीम होती, जोर-बैठका होत्या, सूर्यनमस्कार होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्कारांच्या प्रसाराला आयुष्य वाहिलं. पण हे सगळं तालमीत, अंगणात किंवा घरात. पोट सुटलेला कारकून सकाळी उठून रस्त्यावरून धावतोय, कुणाच्या मागे नाही की कुणापासून पळत नाही, हे दृश्य ना इथे होतं ना इतर कुठे. ते आलं गेल्या साठ-पासष्ट वर्षांत.

ते येण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं होतं. बसून राहिल्याने माणूस मरतो का?

*

हा प्रश्न माझ्या घरातला आहे.

माझे वडील, अण्णा, बस चालवायचे. २६ वर्षं. पहाटे डबा घेऊन जायचे, रात्री यायचे, आणि मधला सगळा वेळ इंजिनाच्या उष्णतेशेजारी एकाच सीटवर. २००७ साली, वयाच्या ५०व्या वर्षी, त्यांना पहिला झटका आला. आठ महिन्यांनी दुसरा. तेव्हा मी १७ वर्षांची होते.

म्हणून लंडनच्या बसवाल्यांबद्दल वाचलं तेव्हा मी उठून बसले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती. कारण कुणाला नीट सांगता येत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या नोंदी तपासायला घेतल्या. लंडनच्या बस दुमजली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसमध्ये, एकाच शहरात, साधारण एकाच थरातून आलेले. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून आणि कंडक्टर दिवसभर जिन्यावर. संशोधक बसमध्ये बसून पायऱ्या मोजत. कंडक्टर रोज ५०० ते ७५० पायऱ्या चढायचे.

१९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होता. ज्यांना झालाच त्यांनाही तो उशिरा आणि सहसा कमी जीवघेणा. मॉरिसने मग टपाल खात्याकडे पाहिलं. तिथेही चालत पत्रं वाटणारे पोस्टमन खुर्चीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांपेक्षा सुरक्षित निघाले.

एक शंका रास्त होती. ड्रायव्हर मुळातच जाड असतील तर? मॉरिसने ती शंका ज्या पद्धतीने तपासली ती मला फार आवडली. त्याने गणवेशाच्या नोंदी मागवल्या. कुणाच्या विजारीची कंबर किती, हे शिंप्याकडे लिहिलेलं असतंच. ड्रायव्हरांच्या विजारी खरोखरच मोठ्या मापाच्या निघाल्या, अगदी नोकरीला लागतानाही. पण कंबर हे सगळं उत्तर नव्हतं. पुढे बारीक, मध्यम आणि जाड असे गट वेगळे करून पाहिलं, तर प्रत्येक गटात अचानक मृत्यूचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमीच होतं. म्हणजे जिने चढणारा जाड माणूस बसून राहणाऱ्या जाड माणसापेक्षा बऱ्या स्थितीत होता.

हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. वजनकाट्याने मला आजवर एकच गोष्ट सांगितली होती. ही दुसरी गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती.

अण्णांच्या गणवेशाची विजार आईने अजून ठेवली आहे. मी मापली नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नसतं. अण्णांबरोबर कितीतरी वर्षं त्याच गाडीवर असलेले कंडक्टरकाका पायांवर उभे राहून आयुष्य काढूनही साठीच्या आतच गेले. ते तंबाखू खायचे. ३१ हजार माणसांचा हिशोब वेगळा आणि आपल्या घरातला माणूस वेगळा.

*

हालचाल केली तर हृदयाला बरं, हे कळलं. पण कुठली हालचाल? याचं एक उत्तर न्यूझीलंडमधल्या बुटांच्या कारखान्यातून आलं.

आर्थर लिडियार्ड ऑकलंडचा. बुटांच्या कारखान्यात कामाला, शिवाय पहाटे दूध टाकायचा. तरुणपणी थोडंफार खेळलेला, त्यामुळे आपण धडधाकट आहोत असा त्याचा समज. एकदा क्लबातल्या वयाने मोठ्या माणसाबरोबर पाच मैल धावायला गेला आणि अर्धमेला झाला. सत्तेचाळिशीत आपलं काय होणार, हा प्रश्न त्याला विशीतच पडला. मग तो स्वतःवरच प्रयोग करायला लागला. किती धावलं तर शरीर तयार होतं, किती धावलं तर मोडतं. आठवड्याला १०० मैल, कधी त्याहून जास्त, कधी कमी. त्याच्या हाती लागलेलं सूत्र साधं होतं. आधी वेग नको, अंतर वाढवा. हळू धावा, पुष्कळ धावा.

त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतली मुलं त्याच्याबरोबर धावू लागली. १९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांतल्या पीटर स्नेलने ८०० मीटरला आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरला सुवर्णपदक मिळवलं, तेही एकाच दिवशी. हॅलबर्गचा एक हात रग्बीतल्या दुखापतीने निकामी झालेला होता. तिसरा शिष्य बॅरी मॅगी मॅरेथॉनमध्ये तिसरा आला.

इथपर्यंतची गोष्ट विजेत्यांची. माझी गोष्ट यानंतर सुरू होते.

लिडियार्ड प्रसिद्ध झाल्यावर त्याला भाषणांची आमंत्रणं यायला लागली. ऐकायला ऑकलंडचे व्यापारी आणि उद्योजक. पोटं सुटलेले, काहींना हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले. त्या काळी झटक्यानंतरचा उपचार म्हणजे मुख्यतः विश्रांती. १९५०च्या आसपासपर्यंत रुग्णाला सहा-सहा आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवायची पद्धत होती. हृदय जखमी झालंय, त्याला हलवू नका, असा तर्क. लिडियार्ड या लोकांना म्हणाला की माझ्या मुलांना जे लागू आहे तेच तुम्हालाही, फक्त फार हळू. १९६२ साली यांतूनच ऑकलंड जॉगर्स क्लब उभा राहिला. पुढे ऑकलंडचे महापौर झालेले कॉलिन के त्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी होते. ही माणसं रविवारी जमायची आणि धावायची. शर्यत नाही, घड्याळ नाही. एकच अट, धावताना गप्पा मारता आल्या पाहिजेत.

बाकावरच्या आजोबांचं वाक्य कुठून आलं, ते मला इथे सापडलं. आजोबांना लिडियार्ड माहीत असेल असं वाटत नाही. चांगला नियम पायीच जग फिरतो.

*

१९६२च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन आपल्या धावपटूंना घेऊन न्यूझीलंडला गेले. वय ५१. लिडियार्डने त्यांना रविवारच्या मंडळींबरोबर धावायला बोलावलं. बॉवरमन जगातल्या उत्तम धावपटूंना शिकवायचे, पण स्वतः गेली कित्येक वर्षं हातात घड्याळ घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहत. अर्ध्या मैलातच त्यांची हवा गेली. सगळे पुढे गेले. सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा तेवढा मागे थांबला, त्यांच्या बरोबरीने, गप्पा मारत. त्या म्हाताऱ्याला हृदयविकाराचे तीन झटके येऊन गेले होते.

बॉवरमनच्या जागी मी असते तर जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं असतं. त्यांना ते वाटलंही असेल, पण ते दुसऱ्या दिवशी परत धावायला गेले. सहा आठवडे जवळजवळ रोज धावून वजन कमी करून घरी परतले.

१९६३च्या फेब्रुवारीत त्यांनी युजीन या आपल्या गावात लोकांना विद्यापीठाच्या हेवर्ड फील्ड मैदानावर बोलावलं. पहिल्या रविवारी थोडेच लोक आले. मग शेकड्यांनी आले. काही आठवड्यांत आकडा हजारांच्या घरात गेला आणि बॉवरमन घाबरले. एवढ्या गर्दीत कुणी मैदानावरच गेलं तर? त्यांनी लोकांना सांगितलं, घरी जा, आपापल्या गल्लीत छोटे गट करा. आणि स्वतः वाल्डो हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञाला गाठलं. दोघांनी गावातल्या मध्यमवयीन माणसांचे गट घेऊन पद्धतशीर प्रयोग केले. किती धावायचं, किती चालायचं, किती दिवसांनी वाढवायचं. १९६७ साली 'जॉगिंग' नावाचं त्यांचं पुस्तक आलं आणि दहा लाखांवर प्रती खपल्या. त्यातला सल्ला थोडक्यात असा, की सराव करा, जीव काढू नका. थोडं धावा, थोडं चाला, परत थोडं धावा.

हेच बॉवरमन पुढे नायकी कंपनीचे एक संस्थापक झाले. म्हणजे आज आठ हजारांच्या बुटांच्या जाहिरातीत ज्या सडपातळ मुली धावतात, त्या कंपनीच्या जनकाला जॉगिंग शिकवलं ते तीन झटके पचवलेल्या एका म्हाताऱ्याने. हे मला कळल्यापासून त्या जाहिरातींची भीती वाटत नाही.

*

लोकांना मात्र हे प्रकरण विचित्र वाटत होतं. मोठा माणूस भर रस्त्यात विनाकारण धावतोय म्हणजे चोर तरी असणार किंवा वेडा. १९६८ साली स्ट्रॉम थर्मंड या अमेरिकन सिनेटरला जॉगिंग करताना पोलिसांनी हटकल्याची बातमी होती. सिनेटरची ही गत, तर बाकीच्यांचं काय?

बायकांची गोष्ट आणखी निराळी. १९२८च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली आणि हे बायकांना झेपत नाही म्हणून ती जी बंद झाली, ती १९६० सालीच परत आली. १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर २६१ क्रमांक लावून धावत होती, तेव्हा शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने रस्त्यात घुसून तिचा क्रमांक ओढून काढायचा प्रयत्न केला. तरी तिने शर्यत पूर्ण केली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडलं.

आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक आणलं. त्यामुळे धावणारी मुलगी इथे आता नवलाची नाही. पण धावणारी जाड बाई अजून आहे. मला कुणी ओढलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एका टोळक्यातून "भूकंप, भूकंप" असं ऐकू आलं. मी तीन दिवस गेले नाही. चौथ्या दिवशी गेले, कारण त्या म्हाताऱ्याबरोबर मागे पडलेले बॉवरमन आठवले. जग बदलणाऱ्या माणसालाही धाप लागते. टोळकं ट्रॅकवर नव्हतंच. असल्या लोकांना सलग चार दिवस पहाटे उठवत नाही.

*

इथवर सगळं छान आहे. आता न पटणारा भाग.

१९६८ साली अमेरिकी हवाई दलातल्या केनेथ कूपर या डॉक्टरचं 'एरोबिक्स' हे पुस्तक आलं. आज गल्लोगल्ली वापरला जाणारा हा शब्द त्यानेच लोकांत रुजवला. १२ मिनिटांत किती अंतर जाता, यावरून क्षमता मोजायची त्याची चाचणी आजही सैन्यांत आणि शाळांत चालते. ब्राझीलमध्ये तर जॉगिंगला 'कूपर करणं' म्हणायची पद्धत पडली. कूपर स्वतः विद्यार्थीदशेतला धावपटू. शिकता शिकता जाड झाला आणि तिशीच्या आतच पाण्यावर स्कीइंग करताना छातीत असं काही झालं की हृदयविकारच आला असं त्याला वाटलं. तिथून तो परत धावायला लागला.

१९७२ साली फ्रँक शॉर्टरने म्युनिक ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकली आणि अमेरिकेत धावण्याची लाट आली. त्या लाटेवरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक जिम फिक्स यांचं, १९७७ सालचं. फिक्स मासिकांच्या जगातले संपादक. ३५व्या वर्षी वजन शंभर किलोच्या घरात, रोज सिगारेटची दोन पाकिटं. वडिलांना ३५व्या वर्षी हृदयविकाराचा पहिला झटका आला होता आणि ४३व्या वर्षी ते गेले होते. स्वतः ३५चे झाल्यावर फिक्सनी सिगारेट सोडली आणि धावायला सुरुवात केली. जवळपास ३० किलो वजन उतरलं. पुस्तकाच्या दहा लाखांवर प्रती गेल्या. माझ्यासारख्यांसाठी याहून चांगला आदर्श नव्हता.

२० जुलै १९८४ रोजी, व्हरमाँटमध्ये, रोजच्या धावण्यानंतर फिक्स रस्त्याच्या कडेला कोसळले आणि गेले. वय ५२. शवविच्छेदनात दिसलं की हृदयाच्या मुख्य धमन्या चोंदलेल्या होत्या, त्यातली एक तर ९५ टक्के.

ज्यांना धावायचं नव्हतं त्यांना निमित्त मिळालं. बघा, धावून काय झालं? कूपरने या मृत्यूचा अभ्यास करून पुढच्या वर्षी पुस्तक लिहिलं. धावण्याने फिक्स मेले नाहीत, वडिलांकडून आलेला आजार आणि आधीची वर्षं त्यांच्या शरीरात होतीच. ते वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त जगले. पण त्यांनी तपासण्या टाळल्या. धावतोय म्हणजे सुरक्षित आहोत, असं त्यांना वाटलं असावं.

मी हे रात्री एक वाजता वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला. वडील तरुणपणी गेलेले, मुलगा जाड, मुलगा धावायला लागतो. फक्त मुलाच्या जागी मुलगी.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर न जाता डॉक्टरांकडे गेले. ईसीजी, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ट्रेडमिलवरची तपासणी. खरं तर हे पहिल्या ४२ सेकंदांच्या आधीच करायला हवं होतं. रक्तदाब किंचित जास्त निघाला, साखर काठावर. बाकी ठीक. डॉक्टर म्हणाले, धावा, पण दरवर्षी येऊन भेटा. घरात कुणी लवकर गेलं असेल तर तुम्हीही आधी हे करा. बूट नंतर घ्या.

*

माझ्या फोनमधलं अ‍ॅप ज्या कार्यक्रमावर बेतलेलं आहे, तो १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने आपल्या आईसाठी तयार केला होता. सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत, नऊ आठवड्यांत. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावा, ९० सेकंद चाला, असं २० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. म्हणजे तीस वर्षांनी परत तेच, थोडं धावा, थोडं चाला.

नऊ आठवड्यांचं काम मला २३ आठवडे लागले. गुडघा दुखला, पावसाळा आला, मुलीच्या परीक्षा आल्या. पाचव्या आठवड्याचा धडा मी चार वेळा गिरवला. आता मी सलग अर्धा तास धावते. त्यात पाच नव्हे, साडेतीन किलोमीटर होतात. भरतीवाल्या मुली अजूनही दोनदा ओलांडतात. वजन ९४चं ८९ झालंय. सहा महिन्यांत पाच किलो म्हणजे इन्स्टाग्रामवर टाकण्यासारखं काही नाही. पण रक्तदाब खाली आलाय आणि तिसऱ्या मजल्यावर चढताना मी आता मधे थांबत नाही. लंडनच्या कंडक्टरांची गोष्ट वाचली नसती तर काट्याकडे बघून मी दुसऱ्या महिन्यातच सोडून दिलं असतं.

आईचा मात्र सुरुवातीपासून विरोध होता. "छातीवर ताण नको गं," एवढंच ती म्हणायची. मला ते कळायचं. अण्णा दवाखान्यातून घरी आले तेव्हा कागदावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, रोज अर्धा तास चालणे. पण अण्णा चालले नाहीत. माणूस मरता मरता वाचलाय, त्याला कसलं चालवता, असं आत्या म्हणाली, शेजारी म्हणाले. आईने त्यांना साधी बादलीही उचलू दिली नाही. हॉलमधल्या कॉटवर पाण्याचा पेला हातात द्यायची. आठ महिने. या गोष्टीवर आम्ही १७ वर्षांत कधी बोललो नव्हतो.

मागच्या महिन्यात भाजी निवडता निवडता मी तिला ऑकलंडच्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. तीन झटके आणि तरी धावत होता म्हणून. ती बराच वेळ गवारीच्या शिरा काढत राहिली. मग म्हणाली, "कागदावर लिहिलं होतं गं. मी वाचलं होतं."

मी म्हटलं, "आई, तुझ्या लहानपणापर्यंत मोठेमोठे डॉक्टरसुद्धा माणसाला सहा आठवडे झोपवूनच ठेवायचे. तू ते एकटीने नाही ठरवलंस. सगळं जग तेच समजत होतं." आणि फिक्सचंही सांगितलं. रोज मैलोन्‌मैल धावूनही गेला. अण्णा चालले असते तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मी बूट घालत होते, तर ती नऊवारी खोचून, पायात माझ्या मुलीच्या जुन्या सपाता घालून दारात उभी. वय ६७. म्हणाली, "मी बसते बाकावर. तू पळ."

बाकावर ती दहा मिनिटं बसली असेल. मग उठून चालायला लागली. मी माझी अर्धी फेरी सोडून तिच्याबरोबर चालले. ती आत्याच्या सुनेबद्दल काहीतरी लांबलचक सांगत होती आणि मी मधे मधे हुंकार देत होते. दोघींनाही बोलता येत होतं, म्हणजे वेग बरोबर होता.